अंगावरचं दूध

वैष्णवी पेशी काढायची. म्हणजे कागदावर. अकरावी-बारावीच्या जीवशास्त्राच्या मार्गदर्शकांत ज्या आकृत्या असतात, ‘नावे द्या’ म्हणून मुलं ज्यांच्याकडे रागाने बघतात, त्यातल्या पुष्कळशा तिच्या हातच्या होत्या. नारायण पेठेतल्या एका प्रकाशकाकडे ती कित्येक वर्षं हे काम करत होती. रक्तातली रोगांशी लढणारी पांढरी पेशी तर ती डोळे मिटूनही काढू शकली असती. एक गोल, त्याच्या आत जवळजवळ तेवढाच दुसरा गोल, आणि भोवती कडेपुरती जागा. ही पेशी खरोखरच कुणाच्या अंगात फिरत असते, असा विचार मात्र तिच्या मनात कधी आला नव्हता. तसा तो कुणाच्याच मनात येत नाही, म्हणून तर माणसं सुखाने झोपतात.

म्हणून सदाशिव पेठेतल्या त्या दवाखान्यात डॉक्टरांनी पडद्यावर तुळजाबाईंच्या रक्ताचा थेंब मोठा करून दाखवला, तेव्हा वैष्णवीला आधी वाटलं की कुणीतरी आकृती चुकवलीय. आतला गोल गोल राहिलाच नव्हता. त्याला खाचा पडल्या होत्या, आणि खाचांमधून पाकळ्या फुटल्या होत्या. फिकट निळ्या पार्श्वभूमीवर जांभळी फुलं तरंगत होती. वैष्णवीच्या मांडीवर तिची चार महिन्यांची मुलगी साई पेंगत होती आणि पंखा हळूहळू फिरत होता. आपण दवाखान्यात आहोत हे वैष्णवी क्षणभर विसरून गेली.

“शेवंती म्हनावं तर पाकळ्या कमी हायेत,” शेजारच्या खुर्चीतून तुळजाबाई म्हणाल्या. पुण्याजवळच्या मांजरी गावात त्यांच्या रानात शेवंती असायची, ऊस लागायच्या आधी आणि बिल्डर यायच्या कितीतरी आधी. “कन्हेर म्हना फारतर.”

डॉक्टर गंधार केतकर सहसा हसत नसत. त्यांच्या दारावर पाटी होती : ‘रिपोर्ट फोनवर पाठवून मत विचारू नये. मत खुर्चीत बसूनच मिळेल.’ पण आता ते हसले. “पुस्तकातसुद्धा हिला फूलपेशीच म्हणतात, तुळजाबाई. नाव छान आहे, काम छान नाही.” मग त्यांनी सांगितलं. हा पांढऱ्या पेशींचा कर्करोग. एका विषाणूमुळे होणारा आणि आपल्याकडे फार विरळा. मानेतल्या गाठी आणि अंगावरचे चट्टे त्याचेच. सध्या सावकाश चालणारा प्रकार दिसतोय, औषधं आहेत, घाबरून जाऊ नका.

“कधी रक्त चढवलं होतं?” त्यांनी विचारलं.

“दुसऱ्या बाळंतपणाला. बाळ दोन दिसांत गेलं. माझं रगत थांबंना, तवा मालकांनी टेंपोत घालून नेलं. बाटल्या चढवल्या तवा डोळं उघडलं.” पाऊस कमी झाला, भाजी महागली, हे ज्या आवाजात सांगतात त्याच आवाजात तुळजाबाईंनी हे सांगितलं.

“मुलं किती आता?”

“दोन. थोरला विक्रम, आन ही धाकली.” त्यांनी वैष्णवीच्या गुडघ्यावर हात ठेवला.

वैष्णवीने साईचं टोपरं सारखं केलं. बोलणार काय? ती तुळजाबाईंची मुलगी नव्हती. ती शेजारच्या इंदुबाईंची. वैष्णवी झाली तेव्हा इंदुबाईंना कावीळ झाली आणि त्यांचं दूध आटलं. भिंतीपलीकडे तुळजाबाई महिन्याभरापूर्वी रिकाम्या ओटीने घरी आल्या होत्या, आणि दुधाला तर ओटी रिकामी आहे हे ठाऊक नसतं. भिंतीच्या एका बाजूला पोर रडायचं आणि दुसऱ्या बाजूला एका बाईची चोळी भिजायची. एक दिवस तुळजाबाई उठल्या, पलीकडे गेल्या, आणि कुणालाही न विचारता त्यांनी पोर उचललं. तीन वर्षं पाजलं. हे सगळं डॉक्टरांना सांगायचं म्हणजे तुळजाबाईंच्या देखत ‘मी हिची नाही’ म्हणायचं. तेवढं धारिष्ट्य वैष्णवीत नव्हतं.

“मावशी, चष्मा घ्या तुमचा,” निघताना ती म्हणाली.

“आईला मावशी म्हणता?” डॉक्टरांच्या भुवया वर गेल्या.

“लहानपणापासूनची सवय आहे,” वैष्णवी म्हणाली. ते खोटंही नव्हतं. इंदुबाईंना वाईट वाटू नये म्हणून ती सवय लावलेली होती. “तुम्हा दोघा मुलांच्याही तपासण्या करून घेऊ,” डॉक्टर म्हणाले.

घरी आल्यावर दोन दिवस वैष्णवी स्वतःवरच चिडत होती. का, तर तिला हायसं वाटत होतं. रक्ताच्या माणसांना धोका असेल, आपण कुठे रक्ताच्या? असं मनात आलं की तिला आपली लाज वाटायची, आणि लाज वाटूनही हायसं वाटायचं थांबायचं नाही. शेवटी साईला घेऊन ती पुन्हा सदाशिव पेठेत गेली आणि खुर्चीत बसून तिने खरं काय ते सांगून टाकलं. “म्हणजे माझी तपासणी करायची गरज नाही. विक्रमदादाची करा. मी फक्त दूध प्यायले त्यांचं.”

डॉक्टर लिहिता लिहिता थांबले. पेन खाली ठेवून त्यांनी आधी वैष्णवीकडे आणि मग साईकडे पाहिलं.

“किती दिवस?”

“तीन वर्षं.”

“रक्त चढवल्यानंतरची?”

“हो.”

“मग विक्रमची तपासणी मी केवळ शास्त्रापुरती करीन. तो त्या रक्ताच्या आधी जन्मला आणि आधीच प्यायला. तुमची मात्र करावीच लागेल.” ते सावकाश बोलत होते. “हा विषाणू वाऱ्याने उडत नाही, पाण्यातून जात नाही, आणि रक्तात सुटासुद्धा फारसा फिरत नाही. तो पेशीत राहतो. ती पेशी दुसऱ्या पेशीला टेकली, तिला चिकटली, की मधल्या जागेतून तो पलीकडे सरकतो. तेवढाच त्याचा प्रवास. आणि अंगावरच्या दुधात पेशी असतात, जिवंत पेशी. बाळाचं रक्षण करायलाच त्या गेलेल्या असतात.”

वैष्णवी ऐकत होती आणि ऐकता ऐकता मनात आकृती काढत होती. दोन गोल शेजारी शेजारी आले, टेकले. मग पुढे?

“पुढे तो आत जातो आणि स्वतःचा मजकूर उलटा उतरवतो,” डॉक्टर म्हणाले. “पेशीत मूळ पोथीवरून, म्हणजे डीएनएवरून, नकला निघतात, पोथी कधी नकलेवरून लिहीत नाहीत. हा नेमकं तेच करतो. स्वतःची नक्कल पोथीच्या अक्षरात लिहितो आणि ते पान पेशीच्या पोथीत शिवून टाकतो. मग ती पेशी दुभंगली की दोघींच्याही पोथीत ते पान असतंच. त्या पानावर एक प्रथिन लिहिलेलं असतं. ते पेशीला म्हणतं, वाढ. थांबायची वेळ आली की म्हणतं, थांबू नकोस. मरायची वेळ आली की म्हणतं, मरू नकोस. आणि एवढं बोलून गप्प बसतं, म्हणजे राखणदारांच्या कानावर जायला नको. अशी वर्षानुवर्षं जातात. थांबायचं विसरलेल्या पेशीत एकेक चूक साठत जाते आणि कधीतरी त्यातली एखादी फुलते.”

“सगळ्यांनाच?”

“नाही हो. शंभरात पाचेक जणांना. बाकीचे म्हातारे होतात, नातवंडांवर ओरडतात आणि दुसऱ्याच कशाने तरी जातात. पण होतो तो बहुधा तान्हेपणी लागण झालेल्यांना. तुळजाबाईंसारखं मोठेपणी लागण होऊन होणं क्वचित.” एवढं बोलून त्यांनी विचारलं, “हिला काय पाजता?”

“अंगावरचंच,” वैष्णवी म्हणाली, आणि म्हणतानाच तिला सगळं कळलं. साईने त्याच वेळी तोंड वळवून तिचा कुडता चोखायला सुरुवात केली.

त्या दिवसापासून बाटली आली. वैष्णवीचा नवरा रणजित एरवी चहासुद्धा मोजूनमापून करणारा माणूस, तो न बोलता बाटल्या उकळू लागला. साईने दोन दिवस घर डोक्यावर घेतलं. बाटलीचं बोंड ती जिभेने बाहेर ढकलायची आणि आईच्या छातीकडे बघून रडायची. दूध उतरायचं, दाटायचं, ताप यायचा. वैष्णवी ते न्हाणीघरात पिळून टाकायची आणि नळ मोठा सोडून रडून घ्यायची. आपलं अंग आपल्याच लेकरापासून लपवायचं, याच्याइतकं वाईट तिने आजवर काही केलं नव्हतं.

दुपारी साई झोपली की तिलाही ग्लानी यायची. मांजरीतच वैष्णवी आणि रणजितचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर होता. खाली जिथे आता गाड्या लावतात तिथे कधीकाळी तुळजाबाईंचं शेवंतीचं रान होतं. पडद्यातून ऊन गाळून यायचं, लांबून कुठल्या तरी बांधकामाची ठकठक यायची, आणि वैष्णवी अर्धवट झोपेत स्वतःच्या आकृत्यांमध्ये उतरायची.

तिथे सगळंच दुधाळ होतं. दुधातून गोल गोल पेशी हळूहळू चालल्या होत्या, कुठे जायची मुळीच घाई नसल्यासारख्या. त्यांच्या अंगातून मंद उजेड यायचा. मध्येच दोघी थांबायच्या आणि टेकायच्या. शेजारणी भिंतीवरून वाटीभर साखर देतात तशी एकीने दुसरीला काहीतरी दिलं. घेणारीने पदराआड झाकलं आणि पुढे गेली. आपण काय घेतलं हे तिने पाहिलंसुद्धा नाही. वैष्णवी मागोमाग धावायची. ‘अहो, ते पान शिवू नका, ते आपलं नाही,’ असं तिला ओरडायचं असे, पण तोंडात दूध भरलेलं असे. मग ती फार लहान व्हायची. समोर शेवंतीचा पिवळा पसारा असायचा, कपाळावर एक खरखरीत हात असायचा, आणि पोट भरल्याचं इतकं गाढ सुख वाटायचं की ती त्यातून स्वतःला सोडवून घ्यायला तयारच नसायची. जागी झाली की उशी ओली असे, आणि कुडताही.

तुळजाबाईंना मात्र तिने सांगितलं, “दूध आटलं, मावशी.”

ही थाप फार महागात पडली. तुळजाबाईंच्या राज्यात दूध आटणं म्हणजे उपायाची बाब. तिसऱ्या दिवशी अळिवाच्या लाडवांचा डबा आला. पुढच्या आठवड्यात डिंकाचे आले, त्याच्यामागून शतावरी घातलेली खीर. औषधांनी त्यांच्या स्वतःच्या तोंडाची चव गेली होती, चट्ट्यांना खाज सुटायची, तरी विक्रमच्या बायकोला बाजूला सारून त्या स्वतः नारळ खवायला बसायच्या. डबा घेऊन येणारा विक्रमदादा म्हणायचा, “खा बाई, न्हाईतर माझा जीव खात्यात त्या.” वैष्णवी लाडू फ्रिजमध्ये ठेवायची. फ्रिज भरला. दार उघडलं की ती सगळी माया तिच्या अंगावर यायची आणि ती दार लावून टाकायची.

तपासण्यांचे निकाल यायला काही आठवडे लागले. इंदुबाईंनीही रक्त दिलं, त्यांच्यात काही सापडलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, “माझं दूध टिकलं असतं तर.” विक्रममध्ये काही नव्हतं. साईत आत्ता तरी काही दिसत नव्हतं. “फार दिवस पाजलं नाहीत, हे चांगलं झालं. लांबलं की धोका वाढतो. दीड वर्षाची झाली की पुन्हा बघू, तोवर खात्रीने सांगणार नाही,” डॉक्टर म्हणाले.

वैष्णवीत सापडला.

“दोघींमधल्या विषाणूचा मजकूर आम्ही वाचून घेतला,” डॉक्टर म्हणाले. “अक्षर न् अक्षर जुळतंय म्हणा ना. तुमच्याकडे आला तो त्यांच्याकडूनच. शंका नाही.”

यावर वैष्णवीला भीती वाटायला हवी होती, आणि ती वाटलीच. पण त्या भीतीच्या तळाशी दुसरंच काहीतरी होतं, आणि ते तिने रणजितलासुद्धा सांगितलं नाही. रेशनकार्डावर, जन्मदाखल्यावर, लग्नपत्रिकेवर, कुठेच तिचं आणि तुळजाबाईंचं नाव एका ओळीत आलेलं नव्हतं. आता तिच्या रक्तात, पोथीच्या आत, ते शिवलेलं होतं. तिला आनंद झाला. असल्या गोष्टीचा आनंद होणाऱ्या माणसाचं डोकं तपासून घ्यावं, असं तिचं तिलाच वाटलं, पण झाला तो झाला.

“त्यांना मी सांगू का?” डॉक्टरांनी विचारलं. “सांगावं तर लागेलच. आणखी कुणाला पाजलं असेल तर शोधायला हवं.”

“मी सांगते,” वैष्णवी म्हणाली.

विक्रमदादाचं घर जुन्या गावठाणात होतं. ती साईला आणि बाटलीच्या पिशवीला घेऊन गेली तेव्हा सकाळचं ऊन पडवीत आलं होतं. तुळजाबाई गोधडीवर बसल्या होत्या. पोर दिसताच त्यांनी दोन्ही हात पुढे केले, साईला मांडीवर घेतलं, आणि पिशवीतून डोकावणारी बाटली पाहून तोंड वाकडं केलं.

“अजून डब्याचंच का? लाडू खातीस का न्हाई?”

वैष्णवीने बाटली पिशवीत खाली सारली.

“माझंच कायतरी चुकलं गं,” तुळजाबाई म्हणाल्या. “तुला म्या पाजलं. माझ्या दुधात कस आसता तर तुझं असं आटलं नसतं.”

तेव्हा वैष्णवीने सांगितलं. लपवायचं ठरवलेलं सगळं सांगितलं, पण एकेक वाक्य, थांबून थांबून. दूध आटलेलं नव्हतं. ते थांबवावं लागलं. मावशींच्या रक्तात जे आहे ते तिच्याही रक्तात आहे. बाटल्यांतून चढवलेल्या रक्तातून ते मावशींकडे आलं, आणि मावशींकडून तिच्याकडे आलं ते दुधातून. साईत आत्ता तरी दिसत नाही. आणखी कुणाला पाजलं होतं का, हे डॉक्टरांना हवंय.

“कुणाला न्हाई. तुलाच,” तुळजाबाई म्हणाल्या.

समोर अंगणात एक कोंबडी उगाच माती उकरत होती. तुळजाबाईंनी साईला अलगद उचललं, गोधडीच्या पार कडेला ठेवलं, आणि आपले दोन्ही हात पदराखाली घेतले. साईला वाटलं हा खेळ आहे. ती त्यांच्याकडे बघून पाय झाडू लागली.

“हातानं जातंय का त्ये?”

“नाही, मावशी.”

“मुका घेतला तर?”

“नाही.”

“दरवेळी मी तिचा मुका घेती.”

“घ्या. त्याने काही होत नाही. रक्तातून जातं, अंगावरच्या दुधातून जातं. मांडीवर घेतल्याने नाही.”

तुळजाबाईंचे हात पदराबाहेर आले नाहीत. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि पुसायला हात नव्हते. “गावात समद्यांस्नी सांगत फिरले. माझ्या दुधानं पोर जगलं म्हनून,” त्या म्हणाल्या. “आन त्यातनं ह्ये दिलं व्हय गं तुला?”

“जगलेच ना पण!” वैष्णवीचा आवाज एकदम चढला. तिला राग आला होता. कुणाचा ते तिलाच कळत नव्हतं. विषाणूचा, त्या कोण कुठल्या बाटलीचा, की पदराखाली लपलेल्या त्या हातांचा. “वैद्याने सोडून दिलं होतं मला. आईने सांगितलंय. महिनाभरही काढला नसता मी. बत्तीस वर्षं काढली, लग्न केलं, ही झाली. त्या दुधात दुसरं काही नव्हतंच असं समजू का मी? ते रक्त तुम्हाला चढवलं नसतं तर तुम्ही कुठे राहिला असता?”

तुळजाबाई ऐकत होत्या. ‘ते रक्त’ म्हटल्यावर त्यांनी मान वर केली.

“कुनाचं व्हतं कुनास ठाऊक,” थोड्या वेळाने त्या म्हणाल्या. “भल्यासाठीच दिलं आसंल त्यानं. त्याला तरी काय म्हाईत.”

“नाहीच माहीत,” वैष्णवी म्हणाली. “कुणालाच माहीत नव्हतं.”

साईचा खेळ संपला होता. तिला भूक लागली. ओठ काढून तिने आधी कुरकुर केली आणि मग गळा मोकळा केला. वैष्णवीने बाटली भरली, हलवली, पण उठली नाही. बाटली तिने गोधडीवर मधोमध ठेवली आणि हात मागे घेतले. लेकरू रडतंय आणि आई बसून राहिलीय हे तुळजाबाईंना बघवणारं नव्हतं, आणि ते वैष्णवीला पक्कं ठाऊक होतं. भिंतीपलीकडचं रडणंसुद्धा ज्यांना ऐकवलं नव्हतं, त्यांना हे कसं ऐकवणार?

पदर हलला. आधी एक हात बाहेर आला, मग दुसरा. तुळजाबाईंनी डोळे पुसले, साईला उचलून मांडीवर आडवं घेतलं आणि डोक्याखाली कोपर दिलं. बाटली हातात घेऊन त्यांनी ती चारही बाजूंनी पाहिली. उभ्या जन्मात त्यांनी असली वस्तू धरलेली नव्हती. मनगटावर एक थेंब पाडून त्यांनी तो जिभेला लावला आणि नाक मुरडलं.

“पानचट हाय,” त्या म्हणाल्या. तरी त्यांनी बोंड साईच्या तोंडात दिलं. साई एकदम गप्प झाली आणि त्यांच्या तोंडाकडे टक लावून पिऊ लागली. तिने त्यांचं बोट मुठीत धरलं, चट्टे पडलेलं.

बाटली आडवी होती, बोंडात नुसती हवा जात होती.

“थोडी तिरकी धर, आई,” वैष्णवी म्हणाली.

तुळजाबाईंनी वर पाहिलं नाही. बाटली मात्र तिरकी केली.

“कळतंय मला,” त्या म्हणाल्या.